लुइजी गॅल्व्हानी : स्नायूंतील विजेचा शोध घेणारे शरीरशास्त्रज्ञ

मेंदूची आज्ञा स्नायूपर्यंत कशी पोहोचते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मिळालेले नव्हते. मज्जातंतू पोकळ असून त्यांतून एक सूक्ष्म द्रव्य वाहते, अशी समजूत शतकानुशतके रूढ होती. तिला प्रयोगांच्या बळावर धक्का दिला तो इटलीतील बोलोन्या येथील लुइजी गॅल्व्हानी यांनी.

९ सप्टेंबर १७३७ रोजी बोलोन्यात जन्मलेले गॅल्व्हानी तेथील विद्यापीठात वैद्यक शिकले आणि पुढे तेथेच शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. पत्नी लुचिया त्यांच्या संशोधनात सहभागी होत्या. १७८० नंतरच्या दशकात त्यांनी मृत बेडकांच्या पायांवर असंख्य प्रयोग केले. एकदा जवळच्या विद्युतयंत्रातून ठिणगी उडाली आणि त्याच क्षणी, साहाय्यकाच्या चाकूचा मज्जातंतूला स्पर्श होताच, बेडकाचा पाय आखडला. त्या पायाचा यंत्राशी कोणताही संबंध जोडलेला नव्हता. पुढे तर यंत्राविना, केवळ दोन धातूंच्या स्पर्शानेही स्नायू आकुंचन पावतो, असे त्यांना आढळले. प्राण्यांच्या शरीरातच वीज असते, हा निष्कर्ष त्यांनी १७९१ मध्ये लॅटिन ग्रंथातून मांडला.

पाव्हिया विद्यापीठाचे अलेस्सांद्रो व्होल्टा यांना तो मान्य झाला नाही. वीज दोन भिन्न धातूंच्या संपर्कातून निर्माण होते, बेडकाचा पाय तिची केवळ जाणीव करून देतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर गॅल्व्हानी यांनी धातूचा वापर न करता, मज्जातंतू थेट स्नायूला टेकवून आकुंचन घडवून दाखवले. तथापि, व्होल्टा यांनी १८०० मध्ये विद्युतघट जाहीर केल्यावर गॅल्व्हानींचे मत दीर्घकाळ मागे पडले.

तो दिवस पाहण्यास गॅल्व्हानी हयात नव्हते. नेपोलियनच्या विजयानंतर स्थापन झालेल्या सिसाल्पाइन प्रजासत्ताकाशी निष्ठेची शपथ घेणे त्यांच्या श्रद्धेला पटले नाही. त्यांनी नकार दिला आणि विद्यापीठातील पद व वेतन गमावले. ४ डिसेंबर १७९८ रोजी त्यांचे निधन झाले.

कालांतराने दोघांचेही म्हणणे अंशतः खरे ठरले. मज्जातंतूतून विद्युतसंदेश वाहतो, तो सोडियम व पोटॅशियमच्या विद्युतभारित कणांच्या हालचालीमुळे. तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे रसायन स्रवते, त्यामुळे स्नायूत नवा विद्युतसंदेश उमटतो, आतील कॅल्शियम मुक्त होते आणि स्नायू आकुंचन पावतो. हृदयाचा विद्युतआलेख आज याच विजेची नोंद घेतो.