पाय वाचविणारे डॉ. जॉस्लिन

आपल्या मॉरिशसमध्ये साखरेचा आजार आता कुणाला नवा नाही. आजी, काका, शेजारी, कुणाला ना कुणाला तो असतोच, आणि एखाद्या घरी पाय कापण्यापर्यंत पाळी येते. म्हणून आज आम्ही डॉ. इलियट जॉस्लिन यांची ओळख करून देत आहोत.

जॉस्लिन यांचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ६ जून १८६९ रोजी झाला. १८९५ मध्ये ते हार्वर्डमधून डॉक्टर झाले व पुढे बोस्टनला त्यांनी दवाखाना काढला. त्यांच्या आईलाच मधुमेह झाला. तेव्हा इन्सुलिन नव्हते. तरी पथ्याच्या बळावर ती माउली दहा वर्षांहून अधिक जगली. रोगी शहाणा झाला तर आयुष्य वाढते, हे मुलाने ओळखले. १९१८ साली त्यांनी डॉक्टर आणि रोगी दोघांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. परिचारिकांना शिकवून रोग्यांच्या घरोघरी पाठविले.

१९२२ पासून इन्सुलिन मिळू लागले. रोगी अधिक जगू लागले, पण आता पाय सडून दगावू लागले. हे दैवाचे भोग नसून दुर्लक्षाचे फळ आहे, असे जॉस्लिन यांनी १९३४ साली आपल्या लेखातून बजावले. चेहऱ्याइतकेच पायही स्वच्छ ठेवा, असे ते रोग्यांना शिकवीत.

१९४० मध्ये त्यांनी ॲरिझोना राज्याची पाहणी प्रसिद्ध केली. तेथे चँडलर शहराला लागूनच पिमा आदिवासींची राखीव भूमी आहे. इतरांनी गिला नदीचे पाणी वरच्या वर वळविल्याने त्यांची शेती सुकली होती आणि ताटात मैदा व चरबी आली होती. जॉस्लिन यांना त्यांच्यात मधुमेहाचे अवघे २१ रोगी आढळले. १९७१ च्या संशोधनात मात्र पस्तिशीपुढील निम्म्या पिमांना हा रोग असल्याचे दिसले. त्या भागात उन्हाळ्यात रस्ते इतके तापतात की बधिर पाय भाजले तरी कळत नाही.

आपलेही तसेच आहे. साखरेने नसा बधिर होतात. खडा टोचला तरी दुखत नाही. म्हणून रोज रात्री तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरशात पाहावेत किंवा मुलासुनेला दाखवावेत. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. कुरूप ब्लेडने कापू नये. गरम पाण्याने शेकू नये. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. गणेश विसर्जनाला अनवाणी जाण्याचा मोह मधुमेह्याने टाळावा. बाप्पा रागावणार नाहीत. जखम दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

जॉस्लिन २८ जानेवारी १९६२ रोजी बाण्णवाव्या वर्षी वारले. त्यांचे स्मरण करायचे तर, वाचकहो, आज रात्री घरातल्या वडीलधाऱ्यांचे पाय पाहा. आपल्याकडे वडिलांच्या पाया पडण्याची रीत आहेच. पडता पडता तळवेही पाहावेत, एवढीच आमची विनंती.