महर्षी शिंदे : वंचितांच्या वस्तीत शाळा नेणारे समाजसुधारक

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत नामांकित शाळा होत्या. मात्र अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबांतील मुलांना त्यांचा लाभ क्वचितच मिळत असे. ही विषमता दूर करण्यासाठी झटणारे विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी संपादन केल्यावर १९०१ ते १९०३ या काळात त्यांनी ऑक्सफर्ड येथे धर्मांचा तौलनिक अभ्यास केला.

मायदेशी परतल्यावर ते प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. गिरणी कामगारांच्या परळ भागात मिशनची पहिली शाळा सुरू झाली. इतर शाळांची दारे उघडण्याची वाट न पाहता, मुलांच्या वस्तीजवळच शिक्षणाची सोय करण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. त्यांच्या भगिनी जनाबाई यांनीही या कार्याला वाहून घेतले.

पुणे नगरपालिकेत सक्तीचे प्राथमिक शिक्षण केवळ मुलांपुरते ठेवण्याचा विचार पुढे आला, तेव्हा १९२० मध्ये मुलींच्या समावेशासाठी शिंदे यांनी चळवळ उभारली. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलामुलींना शिक्षणाचा हक्क देणारा केंद्रीय कायदा १ एप्रिल २०१० पासून देशात लागू झाला.