बॉल कॉक आणि खडकवासल्याचे दरवाजे : ‘व्हीएनआयटी’ला ज्यांचे नाव, ते विश्वेश्वरय्या कोण?

नागपूर : मॉल आणि कार्यालयांत आता सेन्सरचे नळ, दुहेरी बटणांचे फ्लश बसतात. पाण्याची नासाडी टाळणारी अशीच यंत्रणा, तीही विजेशिवाय, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०३ मध्ये थेट धरणावर बसवली होती. नागपुरात १९६० मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला, म्हणजे आजच्या ‘व्हीएनआयटी’ला, त्यांचेच नाव आहे.

जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. शिकवण्या घेत बंगळुरूत पदवी मिळवली, शिष्यवृत्तीवर पुण्यात अभियंता झाले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले.

पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासल्यातून पावसाळ्यात जादा पाणी सांडव्यावरून वाहून जायचे. धरणाची भिंत न वाढवता ते अडवायचे कसे? विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले आणि पातळी सुमारे ८ फुटांनी वाढवली. पाणी ठरलेल्या उंचीवर आले की फ्लोट उचलला जातो, वजनांचा तोल बदलतो आणि दरवाजा उघडतो; ओसरले की मिटतो. फ्लशच्या टाकीतला बॉल कॉकही फ्लोटवरच चालतो, फक्त तो पाणी चढल्यावर बंद होतो. या दरवाजांचे त्यांनी पेटंट घेतले. पुढे ग्वाल्हेरचे तिघरा आणि म्हैसूरचे कृष्णराजसागर इथेही तेच वापरले गेले.

म्हैसूरचे दिवाणपद (१९१२) आणि भारतरत्न (१९५५) नंतरचे. १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, ते गेले. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, देशात अभियंता दिन म्हणून पाळतात.