हृदय बदलणारे डॉ. सेन

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात १६ फेब्रुवारी १९६८ रोजी एका तरुण शेतकऱ्याच्या छातीत दुसऱ्या व्यक्तीचे हृदय बसवण्यात आले. भारतातले हे पहिले आणि जगातले सहावे मानवी हृदयप्रत्यारोपण. ते करणारे डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे असे धाडस करणारे जगातले चौथे शल्यविशारद. रुग्ण जेमतेम तीन तास जगला. आज लहान मुलांमध्येही यकृत, मूत्रपिंड आणि हृदयाचे प्रत्यारोपण होते व ती मुले शाळेत जाऊ लागतात. मधल्या काळात काय बदलले, हे सेन यांच्या आयुष्याकडे पाहिले की चांगले समजते.

सेन यांचा जन्म १९१५ मध्ये कोलकात्यात झाला. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात झाले आणि पुढची कारकीर्दही मुख्यतः याच कॉलेजात आणि केईएममध्ये घडली. अमेरिकेत फिलाडेल्फियाला प्रशिक्षण घेऊन ते परतले, तेव्हा हृदयाची शस्त्रक्रिया जगातच नवी होती. परदेशी यंत्रे महाग, सुटे भाग मिळणे कठीण. अशा स्थितीत पालिकेच्या रुग्णालयात त्यांनी हृदयशस्त्रक्रियेचा विभाग उभा केला.

त्यांची जिज्ञासा अफाट होती. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूला आतल्या कप्प्यातूनच थेट रक्त मिळते. यावरून हृदयाच्या स्नायूला सुईने बारीक छिद्रे पाडून रक्त पोहोचवण्याची कल्पना त्यांनी १९६५ मध्ये मांडली. महाधमनी मधेच अरुंद होण्याच्या विकारावर त्यांनी सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये शोधनिबंध लिहिला. हा विकार तरुण मुलींमध्ये अधिक दिसतो, कधी शाळकरी मुलांनाही होतो. मुलाचाही रक्तदाब मोजायला हवा, हे या विकाराने डॉक्टरांना शिकवले.

हृदयप्रत्यारोपणाची तयारी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर अनेक वर्षे चालली होती. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बर्नार्ड यांनी पहिले प्रत्यारोपण केले. तीनच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये कँट्रोविट्झ यांनी तीन आठवड्यांच्याही आतल्या बाळाचे हृदय बदलले. लहान मुलातले ते पहिलेच हृदयप्रत्यारोपण होते. बाळ काही तासांतच गेले. सेन यांचा सप्टेंबर १९६८ मधला दुसरा रुग्णही सुमारे चौदा तासच जगला.

अडचण हाताच्या कौशल्याची नव्हती. रुग्णाच्या फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांमध्ये दाब वाढलेला असेल, तर नवे हृदय त्यापुढे टिकत नाही. मेंदूमृत्यूला तेव्हा भारतात कायद्याची मान्यता नव्हती. बाहेरचा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून असलेली औषधेही तोकडी होती. १९६९ मध्ये सेन यांना पद्मभूषण मिळाले, १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर सायक्लोस्पोरिन हे औषध सर्रास वापरात आले. १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये देशातले पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण झाले.

म्हणजे प्रत्यारोपण टिकते ते शस्त्रक्रियेच्या आधीच्या आणि नंतरच्या काळजीवर. मुलांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट लागते. हृदय बदलण्यापूर्वी फुफ्फुसांतला दाब मोजतात. गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी शक्यतो आधीच देतात, कारण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू झाल्यावर त्या सहसा देता येत नाहीत. औषधाची मात्रा वजनावर आणि रक्तातल्या पातळीवर ठरते. मूल वाढते तशी ती बदलते, आणि साध्या जुलाबानेही पातळी बिघडू शकते. किशोरवयात मुले कंटाळून गोळ्या चुकवतात आणि चांगला चाललेला अवयव निकामी होतो. प्रत्यारोपणानंतरचा हा मोठ्या धोक्याचा काळ.

आता शहापूर तालुक्यातल्या उंबरमाळीचा विचार करा. तिथून कसारा लोकलने परळ गाठायला जवळपास दोन तास लागतात. मूल आजारी, सोबत आई किंवा वडील, म्हणजे एका तपासणीला एका दिवसाची मजुरी बुडते. अशा फेऱ्या वर्षानुवर्षे करायच्या असतात. म्हणून रक्ताचा नमुना जवळच घेणे, मोठ्या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी गावाजवळच्या डॉक्टरशी फोनवर बोलणे, औषध संपण्याआधी घरी पोहोचवणे, या गोष्टी शस्त्रक्रियेइतक्याच मोलाच्या ठरतात.

गावात करण्यासारखे आणखी एक काम आहे. बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही राहिली आणि शी पांढरट होत असेल, तर थांबू नये, आशाताईंना सांगून लगेच रुग्णालयात न्यावे. पित्तनलिका बंद असण्याचे ते लक्षण असू शकते. लहान मुलांमध्ये यकृत बदलावे लागण्याचे हेच सर्वात मोठे कारण. पहिल्या दोन महिन्यांत शस्त्रक्रिया झाली, तर काही बाळांचे स्वतःचे यकृत वाचते, तर काहींना प्रत्यारोपणाआधी वाढायला वेळ मिळतो.

सेन यांच्या हाती औषध नव्हते आणि कायदाही नव्हता. आज दोन्ही आहेत. ते कसाऱ्याच्या पायथ्याच्या मुलापर्यंत वेळेवर पोहोचवणे आपल्या हाती आहे.