चार्ल्स बॅबेज

दोनशे वर्षांपूर्वी भर समुद्रात जहाजाला वाट कोण दाखवी? आकाशातील सूर्य, चंद्र व तारे, आणि नाविकाजवळचे आकड्यांचे पुस्तक! ताऱ्याची उंची मोजावी, पुस्तकातील कोष्टक पाहावे आणि आपण कोठे आहोत हे ठरवावे, अशी रीत होती. ही कोष्टके माणसेच हातांनी तयार करीत. एखादा आकडा गणितात चुके, एखादा नक्कल करताना, तर एखादा छापखान्यात. एका चुकीच्या आकड्यापायी जहाज खडकावर आपटण्याचे भय असे. ही चूक समूळ नाहीशी करण्याचा ध्यास एका इंग्रज गणितज्ञाने घेतला. त्याचे नाव चार्ल्स बॅबेज.

बॅबेजचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडन येथे झाला. त्याचे वडील पेढीचा व्यवसाय करीत. नवे खेळणे हाती आले, की त्याच्या आत काय आहे, असे तो आईला विचारी. उत्तराने समाधान झाले नाही, तर खेळणे फोडून पाही. बीजगणिताचा अभ्यास त्याने बराचसा स्वतःच केला. १८१० मध्ये तो केंब्रिजला गेला. तेथील गणित युरोपातील नव्या गणिताच्या मागे पडले आहे, हे त्याला जाणवले. तेव्हा जॉन हर्शेल व जॉर्ज पीकॉक या मित्रांसह त्याने १८१२ मध्ये नव्या पद्धतीच्या प्रसारासाठी एक मंडळ स्थापन केले.

१८२१ मध्ये बॅबेज व हर्शेल खगोलशास्त्राची कोष्टके तपासत होते. पानापानावर चुका आढळू लागल्या. वाफेचे यंत्र सूत कातते, मग त्याने गणित का करू नये, हा विचार बॅबेजच्या मनात आला.

त्याची युक्ती तुम्हीही करून पाहू शकाल. १, ४, ९, १६, २५ या वर्गसंख्या घ्या. त्यांच्यातील फरक ३, ५, ७, ९ असे येतात. या फरकांतील फरक मात्र नेहमी २ च असतो. म्हणून ९ मध्ये २ मिळवले की ११ येतात, आणि २५ मध्ये ११ मिळवले की ३६, म्हणजे पुढचा वर्ग! गुणाकाराची गरजच उरली नाही. नुसती बेरीज तर दातेरी चाकेही करू शकतात. आणि यंत्रानेच आकड्यांचे ठसे उमटवले, तर छपाईतील चूकही टळेल.

१८२२ मध्ये त्याने एक लहान नमुना तयार केला आणि पुढील वर्षी सरकारने मोठ्या यंत्रासाठी द्रव्य दिले. जोसेफ क्लेमंट या कुशल कारागिराकडे काम सोपवण्यात आले. हजारो भाग एकसारखे घडवणे हे त्या काळी अतिशय अवघड काम होते. त्यातच १८२७ साली बॅबेजवर दुःखाचा डोंगर कोसळला. वडील, पत्नी आणि मुलगा यांना त्याने एकाच वर्षात गमावले. तरी काम थांबले नाही. १८३२ मध्ये यंत्राचा एक भाग पूर्ण होऊन चालू लागला. पण पुढे पैशांवरून क्लेमंटशी वाद झाला आणि काम बंद पडले. सतरा हजार पौंडांहून अधिक खर्च झाल्यावर १८४२ मध्ये सरकारनेही हात आखडता घेतला.

यात बॅबेजचाही थोडा दोष होता. त्याचा स्वभाव तापट होता, आणि एक काम अपुरे असतानाच त्याचे मन दुसऱ्याकडे धाव घेई. १८३४ पासून तो याहूनही मोठ्या यंत्राची आखणी करू लागला होता. कापडाच्या मागावर नक्षी विणण्यासाठी छिद्रे पाडलेले पुठ्ठे वापरीत. तशाच पुठ्ठ्यांनी या यंत्राला सूचना मिळणार होत्या. आकडे साठवण्याच्या भागाला त्याने कोठार म्हटले, तर गणित करण्याच्या भागाला गिरणी. एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ मध्ये या यंत्रावर विस्तृत टिपणे लिहिली. असे यंत्र केवळ संख्यांवरच नव्हे, तर संगीतातील स्वरांसारख्या गोष्टींवरही काम करू शकेल, हे तिने ओळखले.

बॅबेजची बुद्धी एका विषयात मावणारी नव्हती. कारखान्यांतील श्रमविभागणीवर त्याने १८३२ मध्ये ग्रंथ लिहिला. गुप्त लिपी उकलण्यात तो निष्णात होता. डोळ्याचा अंतर्भाग पाहण्याचे एक उपकरणही त्याने बनवले. १८२८ ते १८३९ या काळात, पूर्वी न्यूटनने भूषविलेले केंब्रिजचे प्राध्यापकपद त्याच्याकडे होते.

१८४७ ते १८४९ या काळात त्याने पहिल्या यंत्राची सुटसुटीत अशी नवी आवृत्ती आखली. तिलाही साहाय्य लाभले नाही. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी बॅबेजने जगाचा निरोप घेतला, तेव्हा त्याचे एकही मोठे यंत्र पूर्ण झालेले नव्हते. मागे उरली ती काटेकोर आराखड्यांची भेंडोळी.

लंडनच्या विज्ञान संग्रहालयातील तज्ज्ञांनी हे आराखडे बाहेर काढले. बॅबेजच्या काळी साधली असती तेवढ्याच अचूकतेने त्यांनी भाग घडवले आणि १८४९ च्या आखणीनुसार गणिताचे यंत्र उभारले. बॅबेजच्या जन्माला दोनशे वर्षे होत होती, त्याच वर्षी, १९९१ मध्ये, ते यंत्र चालू लागले. त्याची उत्तरे बिनचूक आली! २००२ मध्ये छपाईचा भागही पूर्ण झाला.

विसाव्या शतकात संगणक घडवणाऱ्या बहुतेकांना बॅबेजच्या आराखड्यांचा तपशील ठाऊक नव्हता. तरीही आकडे साठवणारे कोठार, गणित करणारी गिरणी आणि बाहेरून दिलेल्या सूचना ही त्याची रचना त्यांना नव्याने शोधावी लागली. बॅबेजने आयुष्यभर अपयश सोसले, पण विचार नेटका ठेवला आणि तो बारकाईने कागदावर उतरवला. म्हणूनच त्याचे अपुरे राहिलेले काम दीड शतकानंतर इतरांच्या हातून पुरे होऊ शकले.