ग्रीक व्याकरणाचे गाढे अभ्यासक : बॅसिल गिल्डरस्लीव्ह

आधी ही दोन वाक्यं वाचा. 'नदीला इतकं पाणी आलं की पूल बुडाला.' 'नदीला पूल बुडण्याइतकं पाणी आलं.' पहिल्यात पूल बुडालाच. दुसऱ्यात पाणी तेवढं होतं एवढंच कळतं. पूल खरंच बुडाला का, ते वाक्य सांगत नाही. प्राचीन ग्रीकमध्ये हाच फरक 'होस्ते' या एका शब्दापुढच्या गौणवाक्यात दिसतो. तिथे 'बुडाला'सारखं पूर्ण क्रियापद आलं, तर गोष्ट घडली. 'बुडणे'सारखं रूप आलं, तर तसा परिणाम होण्याजोगा होता, मग तो होवो वा न होवो. नकाराचा शब्दसुद्धा बदलतो बरं का! पहिल्या प्रकारात 'ऊ', दुसऱ्यात 'मे'.

या वाक्यांवर १८८६ साली सविस्तर लेख लिहिला तो अमेरिकन प्राध्यापक बॅसिल गिल्डरस्लीव्ह यांनी. त्यांचा जन्म १८३१ चा, दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन गावचा. प्रिन्स्टनला पदवी घेऊन ते जर्मनीला गेले आणि १८५३ मध्ये गॉटिंगेनला डॉक्टरेट मिळवून परतले. १८५६ पासून व्हर्जिनिया विद्यापीठात ग्रीक शिकवू लागले.

पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. गिल्डरस्लीव्ह दक्षिणेकडून लढले. १८६४ मध्ये पायाला गोळी लागली, नि पुढे जन्मभर ते लंगडत चालले. त्यांनी वर्तमानपत्रात लिहून गुलामगिरीचं समर्थनही केलं होतं. 'घडलं' आणि 'घडू शकेल' यातला केसाएवढा फरक टिपणाऱ्या माणसाला समोरच्या माणसांचं दुःख दिसू नये, हे मला खटकतं. मुलांना सांगताना हा भाग गाळू नये.

१८७६ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा त्यांना तिथे बोलावलं गेलं. १८८० मध्ये त्यांनी भाषाशास्त्राचं नियतकालिक काढलं आणि सुमारे चाळीस वर्षं चालवलं. नियम पाठ करून थांबायचं नाही, ही त्यांची पद्धत. कोणता लेखक कोणतं रूप कितीदा नि कुठे वापरतो, ते मोजायचं. विद्यार्थ्यांकडूनही तेच करून घ्यायचे.

त्यांच्या मोठ्या ग्रीक वाक्यरचनेचे दोन भाग १९०० आणि १९११ साली निघाले. दोन्ही केवल वाक्यावरच. गौणवाक्यांचा भाग आलाच नाही. १९२४ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी ते वारले. 'होस्ते'वरचं त्यांचं म्हणणं वाचायचं, तर आजही त्या नियतकालिकाचा जुना अंकच काढावा लागतो.