एमेट डाल्टन : पडद्यावर आलेला खरा दरोडेखोर

‘वेस्टर्न’ चित्रपट प्रथमच पाहणाऱ्याला घोडा दौडवणारा दरोडेखोर नायक वाटू लागतो. एमेट डाल्टनला मात्र त्या साहसाची किंमत ठाऊक होती. त्याचा जन्म १८७१ मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यात झाला. थोरला भाऊ फ्रँक कायद्याचे रक्षण करताना मारला गेला; बॉब, ग्रॅट आणि एमेट मात्र पुढे दरोड्यांकडे वळले.

५ ऑक्टोबर १८९२ रोजी कॅन्सासमधील कॉफीव्हिल गावात दोन बँका एकाच वेळी लुटण्यासाठी पाच जण शिरले. ते ओळखले गेले आणि गावकऱ्यांनी बंदुका उचलल्या. चार गावकरी आणि बॉब, ग्रॅट यांच्यासह चार दरोडेखोर ठार झाले. घायाळ बॉबला उचलण्यासाठी मागे फिरलेला एमेट २३ जखमा होऊनही वाचला. त्याला जन्मठेप झाली. सुमारे १४ वर्षांनी, १९०७ मध्ये माफी मिळाली.

‘बियाँड द लॉ’ (१९१८) या मूकपटात त्याने स्वतःचीच भूमिका केली. गुन्हेगारीतून हाती काहीच लागत नाही, हे तो लोकांना सांगत राहिला. १९३७ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्याचे निधन झाले. तीनच वर्षांनी त्याच्या पुस्तकावर हॉलिवूडने चित्रपट काढला. डाल्टन बंधू पुन्हा पडद्यावर दौडू लागले.